सी ड्राइव्ह भरला, ऐन लगीनसराईत

निपाणीतल्या एका छापखान्यातून सकाळीच फोन. "ओ दादा, कोरेल फाइल सेव्हच करून घेईना झालंय. या की जरा." कोरेल म्हणजे पत्रिका-बिलबुकांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. लगीनसराईत छापखान्याचा कॉम्प्युटर बसला की मालकाचं बीपी चढतं. चिकोडीचं काम दुपारवर ढकललं आणि निघालो.

सी ड्राइव्ह १०० जीबीचा, शिल्लक काही एमबी, पट्टी लालभडक. डी मात्र निम्मा मोकळा. ऑपरेटर ताई म्हणाल्या, "जागा व्हावी म्हणून गेल्या वर्षीचं सगळं काढून टाकलं, तरी लाल ते लालच." काढलं होतं डीवरून! तेही शिफ्ट दाबून, म्हणजे रिसायकल बिनमध्येही काही नाही. मालक शेजारीच उभे होते, म्हणून हसू दाबलं.

मालकांच्या भाच्याचं एकच, "फॉरमॅट मारा." फॉरमॅट म्हणजे सी पुसून विंडोज नव्यानं टाकणं, मग श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, नुडीचे कन्नड, सगळं पुन्हा बसवणं आलं. इकडं दोन्ही भाषांतल्या पत्रिका निघतात, कुठलाच सोडून चालत नाही. डीची जागा सीला जोडणंही सरळ नाही. विंडोज डीला शेवटाकडून आखडतं, मोकळी जागा डीच्या पलीकडं पडते, आणि सीला तर अगदी लागून असलेलीच जागा घेता येते.

डिस्क क्लीनअपनं किरकोळ दिलं. हायबरनेशन बंद केलं. त्यासाठी विंडोज सीवर रॅमच्या प्रमाणात एक फाइल राखून ठेवतं. रॅम १६ जीबी, त्यामुळं सहाएक जीबी सुटले. मग कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवणारं विनडर्स्टॅट चालवलं, तर हिशेबच जुळेना. फोल्डरांची बेरीज पन्नासच्या घरात आणि ड्राइव्ह नव्वदीच्या वर. अशा वेळी दिसेल ते पुसत सुटणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. मी तेच परत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं आणि चोर सापडला: विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. परवानगीशिवाय ते फोल्डर आत डोकावूच देत नाही, मग मोजणार कोण?

प्रिंटला दिलेलं काम आधी तिथं उतरतं आणि छापून झालं की आपोआप पुसलं जातं. इथं पुसलं जात नव्हतं. लेझर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स'वर टिक होती. बटर पेपर, म्हणजे छपाईची प्लेट करायला लेझरवर काढतात तो अर्धपारदर्शक कागद, परत काढायला सोपं जावं म्हणून आधीच्या कुणा ऑपरेटरनं लावली असणार. नवरा-नवरीचे मोठाले फोटो असलेली कामं, एकेक शेकडो एमबीचं, सगळी तशीच साठलेली.

टिक काढली. फोल्डर रिकामं करायला स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्राम, थांबवणार, तेवढ्यात ताई ओरडल्या, "थांबा ओ! संकेश्वरच्या दुकानाचं बिलबुक परत छापायचंय. त्याची फाइल मी पुसलीय."

प्रिंटरची रांग उघडली. लांबलचक यादी, त्यात बिलबुक होतं. त्यावर राइट क्लिक करून रिस्टार्ट दिलं, म्हणजे तेच काम पुन्हा छापायला लावलं, बटर बाहेर आला. बिलांचे नंबर छपाईच्या मशीनवरच पडतात, त्यामुळं तोच चालणार होता. मग ताईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचून आणखी काही जुनी बिलबुकं आणि लेटरहेडं काढून घेतली. त्यानंतरच स्पूलर बंद करून फोल्डर रिकामं केलं. सी निम्मा मोकळा झाला.

मालक म्हणाले, "मग ती टिक असू दे की, बरी आहे."

म्हटलं, "नको मालक. पीडीएफ करा आणि डीवर ठेवा. आणि डीवरचं पुसायच्या आधी मला फोन करा."