आधी ‘मला’ सांभाळा, टेन्सचं नंतर बघू

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. तरीही बारावी झालेल्या मुलांना फोनवर दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची म्हटलं की घाम फुटतो. शब्द येत असतात, बारा टेन्सचा तक्ताही पाठ असतो. गाडी अडते ती वाक्याच्या पहिल्याच शब्दाला, आणि मराठी माणसाचा तो शब्द फार वेळा ‘मला’ असतो.

आपल्याकडे भूक, ताप, बहीण, कंटाळा, सगळं ‘मला’ने सुरू होतं. इंग्रजीत तिथे ‘आय’ येतो, आणि पुढची जोड अर्थाप्रमाणे बदलते. मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत, माझ्याकडे गाडी आहे, या तिन्हींना ‘आय हॅव’. भूक लागली, तहान लागली, भीती वाटते, यांना ‘आय ॲम’: आय ॲम हंग्री, आय ॲम थर्स्टी, आय ॲम स्केअर्ड. आवडतं, पाहिजे, आठवतं, समजतं, यांना थेट क्रियापद: आय लाइक, आय वॉन्ट, आय रिमेंबर, आय अंडरस्टँड. मला जायचंय म्हणजे ‘आय वॉन्ट टू गो’ आणि मला जावं लागतं म्हणजे ‘आय हॅव टू गो’. एवढ्याशा फरकाने अर्थ कसा फिरतो बघा: ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय, ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झालीय. कंटाळा आला तर ‘आय ॲम बोअर्ड’ म्हणा. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हटलंत तर मीच कंटाळवाणा आहे असा अर्थ होतो.

वहीची तीन पानं घ्या. वर हॅव, ॲम आणि थेट क्रियापद असे मथळे लिहा. दिवसभरात तोंडात आलेली ‘मला’ची वाक्यं रात्री त्या-त्या पानावर उतरवा, रोज दहा पुरेत. तयार यादी पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं, कारण वाक्यं तुमच्याच घरातली असतात.

‘आय ॲम गो’, ‘आय ॲम अग्री’ ही चूक कुठून येते तेही सांगतो. पहिल्या दिवशी ‘आय ॲम अमुकतमुक’ असं नाव सांगायला शिकवतात आणि ‘आयॲम’ हा एकच शब्द असल्यासारखा जिभेवर बसतो. उपाय मराठीतच आहे. ‘जातो’ म्हणजे ‘आय गो’, ‘जातोय’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. ‘ॲम’च्या मागोमाग ‘गो’ असं नुसतं क्रियापद येत नाही, चालू असलेली क्रिया सांगायची तर त्याला ‘इंग’ हवंच.

भूतकाळातही मराठी चांगली मदत करते. जेवलो, जेवलोय, जेवलो होतो: आय एट, आय हॅव ईटन, आय हॅड ईटन. फक्त एक खड्डा आहे. आपण ‘त्याला मी काल पाहिलंय’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ चालत नाही, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ म्हणायचं. दुसरी अडचण ‘पासून’ची. पाच वर्षांपासून राहतोय म्हणजे ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’, जसं ‘सिन्स २०१९’.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो प्रश्नांना. मराठीत शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार. ‘कुठे’ घालायचं तरी बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून ‘व्हेअर यू लिव्ह?’ असं तोंडातून निघतं. इंग्रजीत मध्ये एक मदतनीस लागतो. ‘ही वर्क्स इन सातारा’ हे वाक्य घ्या. ‘वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ नीट बघा. प्रश्न केला की तो उठून ‘डझ’मध्ये जाऊन बसतो आणि क्रियापद मोकळं होतं: डझ ही वर्क इन सातारा? नकारातही तसंच: ही डझन्ट वर्क इन सातारा. आणि मग: व्हेअर डझ ही वर्क? तो ‘स’ एकच आहे, दोन ठिकाणी बसत नाही, म्हणून ‘डझ ही वर्क्स’ चूक. भूतकाळात हेच काम ‘डिड’ करतो. ‘डिड यू वेन्ट’ नाही, ‘डिड यू गो’.

एका क्रियापदाची ही चार वाक्यं मोठ्याने, अडखळण थांबेपर्यंत म्हणा. गो, कम, ईट, टेक, गिव्ह, बाय, लिव्ह, वर्क, नो, सी एवढ्या दहांपासून सुरुवात करा. रोज दोन क्रियापदं, पाच मिनिटं. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, सवय जिभेला लावायची आहे.

त्यानंतर दहा मिनिटं जोडीदाराशी बोला. नियम असा: उत्तर दिलं की लगेच उलट प्रश्न विचारायचा. ‘व्हॉट टाइम डू यू गेट अप?’ ‘आय गेट अप ॲट सिक्स. व्हॉट टाइम डझ युअर ब्रदर गेट अप?’ शाळेत आपण फक्त उत्तरं लिहिलेली असतात, प्रश्न विचारायची वेळ जवळपास येतच नाही. म्हणून संभाषण दोन वाक्यांत संपतं.

जोडीदाराने मध्येच टोकू नये. टोकलं की बोलणारा गप्प होतो आणि पुढच्या वेळी ‘येस’, ‘नो’वर भागवतो. चुका कागदावर टिपून ठेवायच्या, दहा मिनिटं झाली की त्यातल्या फक्त तीन निवडायच्या, आणि प्रत्येक दुरुस्त वाक्य बोलणाऱ्याने स्वतः तीनदा म्हणायचं. जोडीदार नसेल तर फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐकताना एका दिवशी एकच गोष्ट शोधा: आज नको तिथे लागलेला ‘ॲम’, उद्या हरवलेला ‘स’, परवा ‘डिड’नंतरचं क्रियापद.