क्वालिसचा मऊ क्लच: गिअरबॉक्स न उतरवता

मंडळी, क्वालिसच्या क्लचचं दुखणं एकदाचं सापडलं. दुरुस्ती एका दुपारची होती, वेळ खाल्ला तो निदानानं. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

लक्षणं अशी. सकाळी गाडी शहाण्यासारखी चालायची. भर दुपारी लातूरच्या गंजगोलाईत शिरलं, की सोळा रस्त्यांची गर्दी, दर चार पावलांवर क्लच, आणि पॅडल पायाखाली लोण्यासारखं. पहिला पडेना, रिव्हर्सला करकर. दोनतीनदा पंप केलं की पडायचा. इंजिन बंद केलं तर सगळे गिअर मात्र मुकाट पडत होते, म्हणजे गिअरबॉक्स ठीक, क्लच पूर्ण सुटत नव्हता.

गॅरेजवर ऐकायला मिळालं, "प्लेट गेली मालक, आख्खा सेट बदलावा लागतंय." मला पटलं नाही. प्लेट झिजली तर क्लच घसरतो, इंजिन रेस होतं आणि गाडी ओढत नाही. रेणापूरच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, गाडी व्यवस्थित खेचत होती. शिवाय आपला क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पॅडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि गिअरबॉक्सकडच्या लोअर सिलिंडरचा दांडा क्लच सोडवतो. त्यात प्लेट झिजल्यानं पॅडल मऊ होत नाही. उलट लोअरचा पिस्टन मागे सरकतो आणि मास्टरला ऑइल पुरवणाऱ्या डबीतली पातळी किंचित वर येते.

"उन्हानं ऑइल उकळतं" हाही सल्ला मिळाला. क्लचमध्ये असतं ते डॉट ३ ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं असलं तरी १४० च्या आसपास. आपलं मे महिन्यातलं ४२ त्याच्या जवळपासही नाही. उन्हाचा हात आहे, पण वेगळा: ऑइल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या रबराच्या कडेनं लवकर निसटतं. सकाळ-दुपारचा फरक त्यातून आला.

मग तपासणी. डबीतली पातळी जैसे थे, ऑइल काळपट. लोअरचं रबरी बूट उलटून पाहिलं, कोरडं. डॅशखाली डोकं घालून मास्टरच्या दांड्याभोवती बोट फिरवलं, तेही कोरडं. बाहेर गळती नाही. हवा काढली, पण नळीतून बुडबुडा म्हणून आला नाही आणि पॅडल होतं तसंच.

त्यानंतर पुतण्याला पॅडलवर बसवलं आणि मी गाडीखाली गेलो. त्यानं दाबलं, लोअरचा दांडा झटक्यात बाहेर आला. "धरून ठेव" म्हटलं. दांडा हळूहळू, डोळ्यांदेखत, मागे सरकायला लागला. वरून आवाज आला, "काका, पॅडल बुडायलंय की!" तेव्हा माझी एक मूठ लोअरकडे जाणाऱ्या रबरी होजवर होती, होज फुगत नव्हता. सिस्टिममध्ये हवा असती तर पॅडल स्प्रिंगसारखं उसळलं असतं, पण धरल्यावर असं खचलं नसतं.

बाहेर गळती नाही, म्हणजे ऑइल आतल्या आत मागे निसटत असणार. म्हणून संशय मास्टरवर होता, तरी नवा पार्ट आणण्याआधी पुरावा हवा होता. भंगारातल्या तशाच पाईपचं टोक नटासकट कापलं आणि रेडिएटरवाल्याकडून पुढचं तोंड ब्रेझिंगनं बंद करून घेतलं. मास्टरचा पाईप सोडून त्या जागी हे बूच कसलं. आता ऑइलला जायला वाटच नाही, म्हणजे मास्टर चांगला असेल तर पॅडल दगडासारखं उभं राहायला हवं. ते सावकाश फ्लोअरपर्यंत गेलं. माझ्या मते ही चाचणी सगळ्यांनी करावी. बूच जवळजवळ फुकटात होतं आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाचते.

मास्टर उघडला. पिस्टनवरच्या रबरी कपची कड बोथट झालेली, आणि बोअरमध्ये पिस्टन रोज फिरतो त्याच पट्ट्यात गंजाचे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, वर्षानुवर्षं बदललं नाही की असं होतं. नुसतं रबर किट टाकावं का? नख फिरवलं, अडकलं. नख अडकलेल्या बोअरमध्ये नवं किट टिकत नाही, म्हणून पूर्ण मास्टर बदलला.

बसवताना दांड्याला पिस्टनपुढं थोडी ढील ठेवली. ही बाब बरेच जण सोडून देतात. ढील नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि तापून फुगलेलं ऑइल डबीत जाऊ न शकल्यानं क्लच आपोआप दाबला जाऊन घसरू लागतो. पार्ट धुवायला पेट्रोल-डिझेल नको, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनंच पुसले. हे ऑइल रंग खातं, त्यामुळं सांडलं तिथं लगेच पाणी मारा.

आता इंजिन चालू असताना रिव्हर्स विनातक्रार पडतो आणि पॅडल धरून ठेवलं तरी दांडा जागचा हलत नाही. नव्या मास्टरचा पूर्ण दाब जुन्या लोअरवर येणार, म्हणून त्याचं बूट अधूनमधून उलटून बघतोय. सध्या कोरडं आहे. होजला वरून बारीक चिरा आहेत, तो बदलायचाय. कुणाकडे क्वालिसचा नवा क्लच होज पडून असेल तर कळवा. लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे मोजून ठेवलेत.