फटका कितीला पडला?

गोल्फ हा बहुधा एकमेव शौक असेल, ज्यात खेळता न येणाऱ्याला माल स्वस्त पडतो. ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर एकदा खेळायचे पैसे, सगळ्यांना सारखीच. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या कोर्सची ग्रीन फी सहाशे डॉलरच्या पुढे गेली आहे. भागाकार सोपा जावा म्हणून आपण ६६० धरू. या खेळात जितके कमी फटके तितकं चांगलं. निष्णात माणूस अठरा होल, म्हणजे अख्खा कोर्स, ६६ फटक्यांत उरकणार, म्हणजे त्याला फटका दहा डॉलरला पडला. मी ११० मारणार. मला सहालाच. शिवाय वाळू, झुडपं, समुद्राची कड असा सगळा कोर्स मी पायाखाली घालणार आणि तो बिचारा मधल्या कापलेल्या गवतावरून सरळ घरी जाणार. हा हिशेब मी आमच्या चौकडीला ऐकवला तेव्हा आमचा कोल्हापूरकर म्हणाला, “मग तीनशे मारा की वहिनी, फुकटातच पडंल.”

चौकडी म्हणजे सॅन होजेच्या आसपास राहणारे आम्ही चौघं: हा कोल्हापूरकर, एक नागपूरकर, बेळगावचा डॉक्टर आणि नाशिकची मी. शनिवारी उजाडता उजाडता शहराच्या सार्वजनिक कोर्सवर हजर. तिथे पन्नास-साठ डॉलरमध्ये काम भागतं. कॅनडा गूज जातीचे हंस फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, चरत असतात आणि चरल्याचा पुरावा जागोजाग ठेवून जातात, त्यामुळे चेंडू उचलण्याआधी वाकून नीट बघावं लागतं. टी बॉक्सवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, गवतापेक्षा माती जास्त. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. त्यांतली वाळू पावसानंतर अशी बसते की पाय ठेवला तरी ठसा उमटत नाही. आमची काही तक्रार नाही. साठ डॉलरमध्ये साठ डॉलरचं मिळतं.

तरी मधूनच कुणाला तरी सुरसुरी येते. या वेळी जरा चांगल्या ठिकाणी जाऊ या. मग आठवडाभर फोनवर खल चालतो. पैसे नाहीत अशातला भाग नाही. एवढ्या पैशांचं करायचं काय, हे ठरत नाही.

माझ्या बाबतीत त्याला एक पूर्वपीठिका आहे. नाशिकला गोल्फ क्लब म्हणजे मैदान. रीतसर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की तो बरोबर नेतो. तिथे लोक सकाळी फेऱ्या मारतात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीचे सामनेही होतात. गोल्फची काठी हातात घेतलेला माणूस तिथे मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्यामुळे गोल्फ क्लबात शिरायला पैसे मोजायचे असतात, इथपासूनच माझी शिकवणी सुरू झाली.

महागडा कोर्स कधी गाठावा, यावर चौकडीत दोन घराणी आहेत. नागपूरकर प्रसंगवादी. पन्नाशी, साठी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, पोरीचं ग्रॅज्युएशन. प्रसंग आला की खर्चाला आपोआप परवानगी मिळते. डॉक्टर गुणवत्तावादी. आधी नव्वद फटक्यांच्या आत ये, मग असल्या ठिकाणी पाऊल टाक. तो गेली काही वर्षं नव्वदच्या उंबरठ्यावर आहे आणि उंबरठा जागचा हलत नाहीये.

मला दोन्ही पटत नाही. प्रसंगाची तारीख आपण काढतो, ती कोर्सला कोण कळवणार? पेबल बीच ज्या मॉन्टेरीच्या किनाऱ्यावर आहे, तिथे ऐन उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, असं धुकं पडतं की समुद्र नुसता ऐकून घ्यावा लागतो. ज्याची साठी त्याला धड खेळवतही नाही, कारण आज चांगलं झालंच पाहिजे हे मानेवर बसलेलं असतं. आणि तारखेचा खरा वैरी म्हणजे एअरेशन. ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, रोज शेकडो पावलं पडून खालची माती दबते, मुळांपर्यंत हवा-पाणी पोचेनासं होतं. म्हणून वर्षातून एक-दोनदा, बहुतेक ठिकाणी वसंतात आणि शरदात, यंत्राने सगळ्या ग्रीनला भोकं पाडतात. पेन्सिलीच्या जाडीची, दोन-दोन इंचांवर. आतून मातीच्या कांड्या वर येतात, त्या झाडून नेतात आणि भोकांत वाळू लोटतात. गवताला हे फार मानवतं. आपल्याला पुढचे दोन आठवडे मानवत नाही. पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, बरोबर मारलेला असतो, चेंडू सरळ निघतो, मध्येच थरथरतो आणि होलच्या वीतभर अलीकडे स्वतःचा काहीतरी विचार करून बाजूला जातो. काही ठिकाणी या दिवसांत फी कमी करतात, काही ठिकाणी नुसतं एका ओळीत कळवतात आणि काही ठिकाणी पहिल्या ग्रीनवर पोचल्यावर कळतं. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून मी पहिला प्रश्न हाच विचारते. पलीकडचा माणूस जरासा दचकतो, पण सांगतो.

डॉक्टरचं म्हणणं तर साफच उलटं आहे. पेबल बीच ही काही परीक्षा नाही की अभ्यास पुरा झाल्यावर बसावं. उलट मी नव्वदच्या आत येईन तेव्हा गुडघ्यांचं काय झालेलं असेल, याचा भरवसा डॉक्टर असूनही तो देत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. हे पैसे जागेचे आहेत की सजावटीचे? काही कोर्सवर गाडीचं दार उघडण्याच्या आत कुणीतरी बॅग उचलून नेतो. कोर्सवर फिरायच्या कार्टवर स्क्रीन, स्क्रीनवर होलपर्यंतच्या यार्डांचे आकडे, नवव्या होलनंतर गार टॉवेल. अठराव्याला कृत्रिम धबधबा, ज्याचा पंप मागच्या झुडपात घुरघुरत असतो. या सगळ्याचे अडीचशे डॉलर. गार टॉवेल मला आवडतो, पण तो घरीही करता येतो. याउलट समुद्राला लागून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकी जागा हेरून होल आखले असतील, तर तसली जमीन आता दुसरीकडे मिळणार नाही. त्याचे पैसे द्यायला माझा हात आखडत नाही. म्हणजे आखडतो, पण सुटतो.

तर पेबल बीच. १९१९ साली उघडलेला कोर्स. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोघांनी आखलेला. खासगी क्लब नाही, पैसे देईल त्याला खुला. मेख अशी की आधी जागा पक्की करायची तर त्यांच्याच हॉटेलात राहा, आणि तिथल्या खोलीपुढे ग्रीन फी सोज्वळ वाटायला लागते. हॉटेलात न राहणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून उरलंसुरलं मागायचं. आम्ही ऑक्टोबरात मॉन्टेरीला साध्या मोटेलात उतरून तो फोन केला. चौघांची जागा नव्हती, दोघांची होती. डॉक्टरने तत्त्वासाठी माघार घेतली. नागपूरकराचा कुठलाच प्रसंग नव्हता. ते दोघं शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हच्या कोर्सवर गेले, मी आणि कोल्हापूरकर पेबल बीचला.

पहिले तीन होल ठीकठाक. चौथ्यापासून समुद्र उजव्या हाताला येतो आणि दहाव्यापर्यंत सोबत राहतो. सातवा होल जेमतेम शंभर यार्डांचा, उतारावरचा. मोठ्या स्पर्धांच्या कोर्सवर इतका आखूड होल सहसा मिळत नाही. पेबल बीचचे ग्रीन मुळातच लहान, त्यात हा आणखी लहान. भोवती बंकर आणि बंकरांपलीकडे खडक नि लाटा. एरवी एवढ्या अंतराला मी वेज, म्हणजे आखूड पल्ल्याची काठी, घेते. वारा समोरून होता. कॅडीने, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने, माझ्या हातातला वेज काढून घेतला आणि जास्त पल्ल्याचा सात नंबरचा आयर्न दिला. मी म्हटलं, हा पार पलीकडे जाईल. तो म्हणाला, मारा तर खरं. चेंडू चांगला उंच गेला, ग्रीनच्या वर आला, आता पलीकडे पाण्यात पडणार असं वाटेपर्यंत हवेत अडला आणि जवळजवळ उभ्या रेषेत खाली येऊन पुढच्या बंकरमध्ये बसला. “सहा डॉलर,” मागून कोल्हापूरकर म्हणाला. सकाळपासून माझ्या प्रत्येक फटक्याला तो हेच म्हणत होता. बंकरमधून बाहेर यायला अठरा डॉलर लागले.

पुढे अकरापासून सोळापर्यंतचे होल समुद्राकडे पाठ करून आत शिरतात. चांगले आहेत, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तिथे मला भूक लागल्याचं आठवलं. सतराव्याला परत समुद्र, आणि तिथे कोल्हापूरकराचं काम होतं. १९८२च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेत टॉम वॉटसनने या ग्रीनच्या कडेच्या दाट गवतातून चेंडू थेट होलमध्ये घातला आणि त्या जोरावर स्पर्धा मारली. कोल्हापूरकराने खिशातून जादा चेंडू काढला, साधारण तीच जागा धरली, दोनदा मनगट हलवून पाहिलं आणि मारला. चेंडू ग्रीन ओलांडून समोरच्या बंकरमध्ये. त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. माझ्या मते सहाशे डॉलरच्या कोर्सवर बरोबर न्यायला माणूस असाच असावा. जो प्रत्येक चुकल्या फटक्यानंतर आकाशाकडे बघून सुस्कारे टाकतो, त्याच्याबरोबर फुकटातही जाऊ नये.

मी ११० मारणार म्हटलं होतं, प्रत्यक्षात जास्त झाले. म्हणजे फटका आणखी स्वस्त पडला. याच कोर्सवर २००० साली टायगर वूड्सने यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. फटक्यांची काटकसर त्याच्या रक्तातच असणार. अर्थात फी हा नुसता मुद्दल. कॅडीचे वेगळे, त्याची टिप वेगळी, चेंडूंचं तर सोडूनच द्या.

माझा नवरा खेळत नाही. तो सकाळभर सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर थांबत थांबत गाडीतून फिरला, मग अठराव्या ग्रीनमागे येऊन उभा राहिला. उजव्या हाताला अख्खा समुद्र, समोरून येणारे दमलेले लोक. रस्त्याच्या नाक्यावर गाडीचे थोडेसे डॉलर भरले की हे सगळं दिसतं, ही माहिती त्याने मला आपण होऊन, परत एकदा दिली.

संध्याकाळी मॉन्टेरीच्या धक्क्यावर पावाच्या वाटीतलं क्लॅम चाउडर खाताना दोन्ही पक्ष भेटले. पॅसिफिक ग्रोव्ह हा तिथल्या शहराचा कोर्स. लोक त्याला गरिबाचं पेबल बीच म्हणतात. पहिले नऊ होल १९३२चे, घरांच्या आणि झाडांच्या मधून जाणारे. सुरुवातच लागोपाठ तीन फटक्यांत संपवायच्या दोन आखूड पार-थ्री होलने होते, म्हणजे हात गरम व्हायच्या आत दोन होल संपलेले. शेजारी दफनभूमी आहे, आणि हरणं तिथून निघून फेअरवेवर आणि फेअरवेवरून परत थडग्यांमध्ये अशी आरामात ये-जा करतात. “काय सांगू वहिनी,” नागपूरकर म्हणाला, “मी पट मारून राहिलो न् हरीण बघून राहिलं. हललंच नाही ना!” नंतरचे नऊ होल १९६०चे, वाळूच्या टेकड्यांमधले, १८५५पासून चालू असलेल्या पॉइंट पिनोसच्या दीपगृहाभोवती. आणि ते आखणारा माणूस कोण, तर तोच जॅक नेव्हिल. समुद्र तोच, हात तोच, फी पेबलच्या पासंगालाही पुरत नाही. फक्त कडेला आइस प्लांट या वनस्पतीचा जाड, रसाळ पसारा आहे. त्यात चेंडू गेला की नुसता दिसतो, निघत नाही. डॉक्टरने त्या दिवशी एक्क्याण्णव मारले. किती पैसे वाचले हे त्याने सांगितलं नाही, पण चाउडरचं बिल त्याने दिलं.

मग कुठला दिवस चांगला गेला? सातव्या होलवरचा तो चेंडू हवेत अडलेला मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण पेबलला परत जायची मला घाई नाही, आणि पॅसिफिक ग्रोव्हला पुढच्या महिन्यातही जाईन.

काही ठिकाणी तर पैसे असूनही चालत नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायचं तर बऱ्याच जणांना चिठ्ठीत नाव निघायची वाट बघावी लागते, आणि रविवारी तो कोर्स बंदच असतो. गावातले लोक कुत्री घेऊन त्या गवतावर फिरायला येतात. आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लबसारखं. सॅन डिएगोचा टोरी पाइन्स शहराच्या मालकीचा. तिथे २००८ आणि २०२१ अशा दोन यूएस ओपन झाल्या, पण शहरात राहणाऱ्याला तो कितीतरी कमी पैशांत मिळतो. तेवढ्यासाठी सॅन डिएगोला घर घ्यावं, असा प्रस्ताव कोल्हापूरकराने मांडून झाला आहे.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो लाँग आयलंडवरच्या बेथपेज ब्लॅकसाठी मागे लागला आहे. हा कोर्स न्यू यॉर्क राज्याच्या सरकारी उद्यानात आहे. २००२ आणि २००९ची यूएस ओपन इथे झाली, २०२५चा रायडर कपही. फी पेबलच्या मानाने किरकोळ, पण न्यू यॉर्कबाहेरच्यांना बरीच जास्त. कार्ट नाही, चढउताराचा अख्खा कोर्स चालायचा. पहिल्या टीच्या मागे पाटी लावली आहे की हा कोर्स अतिशय अवघड आहे, फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावं. आगाऊ जागा नाही मिळाली तर रात्री वाहनतळावर नंबर घातलेल्या जागेत गाडी लावायची, गाडीतच झोपायचं आणि पहाटे कर्मचारी चिठ्ठ्या वाटायला येईपर्यंत हलायचं नाही. पाटीची मला भीती नाही, निष्णात कुणाला म्हणायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण गाडीत रात्र काढायची तर पाठीच्या डॉक्टरची फी ग्रीन फीमध्ये धरावी लागेल, आणि मग हे पेबलपेक्षा महाग पडतं. भाच्याला तसं सांगितलं. तो म्हणतो, रात्री मी गाडी लावून बसतो मावशी, तू पहाटे थर्मासमधून चहा घेऊन ये. नियमात बसतं का, याची चौकशी करायला सांगितली आहे.