थंडीतला व्यायाम: कार्तिकीपासून रथसप्तमीपर्यंत

गेली चार वर्षे दिवाळीनंतर माझे वजन दोन-अडीच किलोंनी वाढत असे आणि ते उतरवण्यात पुढचा सगळा उन्हाळा जात असे. थंडी पडली की पहाटे साडेपाचची पर्वती, म्हणजे पुण्यातल्या त्या टेकडीवरची चढण, बंद व्हायची आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात डिंकाचे लाडू, बाजरीच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा आणि तिळगूळ सुरू व्हायचा. मागच्या हिवाळ्यात मात्र, वयाच्या 52व्या वर्षी, खंड पडू द्यायचा नाही असे ठरवून मी कार्तिकी एकादशीनंतरही त्या 103 पायऱ्या चढत राहिले.

पहिले काही आठवडे जिद्दीने पहाटेच गेले. गुडघे आखडलेले असत आणि वर पोहोचेपर्यंत खोकल्याची उबळ येई. डिसेंबरातल्या एका सकाळी उजाडल्यावर वरून खाली पाहिले, तेव्हा शेकोट्यांचा, जळत्या पाल्यापाचोळ्याचा आणि वाहनांचा धूर शहरावर करड्या पट्ट्यासारखा पसरलेला दिसला. त्यातून फक्त उंच इमारतींचे माथे वर आले होते. थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार आणि जड होते, त्यामुळे धूर खालीच कोंडून राहतो आणि ऊन चढले की मगच वर उठतो. घरापासून पायथ्यापर्यंतची वीस मिनिटे मी रोज त्याच पट्ट्यातून धापा टाकत चालत होते. पहाटेच्या हवेचे गुण लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे वेळ बदलणे जिवावर आले; तरी दुसऱ्या दिवसापासून मी साडेआठला निघू लागले. कचेरी अकराची असल्याने ते जमले. आठवड्याभरात खोकला थांबला. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, मग साडेपाचचा आग्रह तरी कशासाठी धरायचा?

निघण्यापूर्वी घरातच, सतरंजीवर, सूर्यनमस्कार घालू लागले. सुरुवात चारपासून केली, दर आठवड्याला दोन वाढवले. अंग तापल्यावर पायऱ्या चढताना गुडघ्यांची तक्रार जवळजवळ उरली नाही.

खाण्याचा हिशेब अवघड होता. थंडीत शरीर आपोआप जास्त कॅलरी जाळते, अशी माझी समजूत होती. पण ते मुख्यतः कुडकुडताना घडते, आणि स्वेटर, शाल, गोधडी यांत गुरफटलेल्या माणसाला कुडकुडण्याची वेळ येतेच कुठे? माझ्या 68 किलो वजनाला पाऊण तास भरभर चालून साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. तुपाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 9 कॅलरी असतात. तूप, खोबरे, खारीक आणि गूळ घातलेला एक लाडू ती सगळी चाल सहज भरून काढतो. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, डिंक थंडीत नाही खायचा तर कधी खायचा?” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून लाडू सोडला नाही. फिरून आल्यावर एक ठेवला आणि दुपारच्या चहाबरोबरचा दुसरा बंद केला.

मधे दोन वेळा खंड पडला, एकदा लग्नामुळे आणि एकदा तापामुळे. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जाण्याची वाट पाहत असताना मी शेजारीच 20 नमस्कार घातले. त्या दिवशी काट्यावर वजन कार्तिकीला होते तितकेच भरले.