सरांची चुन्याची बादली

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं बाईंचं पत्र आलं आणि मी शाळेबद्दल लिहायला बसलो. वसतिगृह, पत्र्याची चाळ, शनिवारची सकाळची शाळा, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा कागदावर सरच आले. मग म्हटलं, येऊ देत. नाव लिहीत नाही. त्या काळच्या पोरांना नुसतं 'सर' म्हटलं की पुरतं, आणि छापील कौतुकाचं त्यांना वावडंच होतं.

मी नवापूर तालुक्यातला. घरी मावची बोली, मराठी शाळेतच शिकलो. सातवीत असताना रविवारच्या उपासनेत दानाची पिशवी फिरवायचं काम माझ्याकडे होतं. एका रविवारी त्यातले आठ आणे माझ्या खिशात गेले. बाजारात जाऊन शेव-मुरमुरे खाल्ले. चव अजून आठवते, खोटं कशाला बोलू! पुढच्याच रविवारी पाहुण्या पाळकसाहेबांनी बायबलातल्या प्रकटीकरणाचा विसावा अध्याय घेतला. मोठं पांढरं राजासन, त्यापुढे उभे राहिलेले लहानथोर मेलेले, आणि उघडलेली पुस्तकं. मला दिसली ती लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही, तिच्यात माझं नाव, पुढे आठ आणे. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सर कबरस्तानात चुना लावायला जायचे. त्या वर्षी बादली धरायला मी एकटाच होतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या उठत आल्या होत्या, तरी वारा आला की ठसका लागायचा. सरांचा मुलगा नऊ वर्षांचा असताना तापाने गेला होता. त्याच्या कबरीपाशी आलो की ते चप्पल काढत. दगडावर त्यांनी दोनच शब्द कोरून घेतले होते, 'येशू रडला'. योहानाचं शुभवर्तमान, अकरा, पस्तीस. चर्चच्या मंडळीत त्यावर कुजबुज झाली होती म्हणे. मरणा, तुझी नांगी कोठे, असं काही विजयाचं वचन घालायचं सोडून हे काय? सर म्हणायचे, "मेलेल्या लाजराला घटकाभरात उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. मग मी का नको?"

कबरींचे पाय पूर्वेला का, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून. उठणार म्हटल्यावर मला ती लाल वही आठवली आणि रडूच फुटलं.

"कसाले रडस रे?" सर अमळनेरकडचे, मायेत आले की अहिराणीत बोलत.

मी सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कुंचा बादलीत ठेवला. "पुस्तकं उघडणार हे खरं. आठ आणे त्यात असणार, तेही खरं. पण न्याय कोण करणार, ते पाळकसाहेबांनी सांगितलं का?" मग योहानाचा पाचवा अध्याय सांगितला. पिता न्याय करत नाही, न्यायाचं सगळं काम त्याने पुत्राकडे सोपवलंय. "म्हणजे न्यायाला बसणाऱ्याच्या हाताला खिळ्यांचे व्रण आहेत. तुझं त्याने भरलंय. मंडळीचे आठ आणे मात्र तू भर."

मी म्हटलं, मग न्याय कशाला ठेवलाय? सर म्हणाले, "तुझ्या बापाला विचार." माझ्या वडिलांकडून सावकाराने एकच कर्ज दोनदा वसूल केलं होतं, हे सरांना माहीत होतं. मी गप्प झालो.

आठ आणे त्यांनी खिशातून दिले नाहीत. तीन शनिवार त्यांच्या परसात लाकडं फोडली, तेव्हा मिळाले. ते पिशवीत टाकताना मीच पिशवी फिरवत होतो. काम काढून घेतलं नव्हतं.

पुढे मी एसटीत लागलो. वाहक, मग वाहतूक नियंत्रक, २०२१ ला निवृत्त. बढाई वाटेल, पण इतक्या वर्षांत भरण्यात कधी पैसा कमी पडला नाही. मुलगी सुरतेला नर्स आहे. आता मंडळीत कुणी गेलं की वचन वाचायला मला बोलावतात, पण पूर्वीसारखं रात्रभर भजनं म्हणत कुणी बसत नाही. लोक मातीला उभ्या उभ्या येतात, मोबाईलवर गुलाबाचं चित्र टाकतात आणि निघतात. शाळेतला पवित्र शास्त्राचा तासही बंद झाला, असं ऐकतो. असो.

नंदुरबार जिल्हा झाला, त्या १९९८ च्या पावसाळ्यात सर गेले. आठवडाभर आधी भेटलो तेव्हा पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. न राहवून विचारलं, "सर, भीती वाटते?"

"दम कोंडतो, त्याची वाटते. त्याच्या पुढची नाही." थोडं थांबून म्हणाले, "पोराची आई पलीकडे वाट बघत असेल, असं लोक म्हणतात. मला काही दिसत नाही बरं का. ज्याने शब्द दिलाय त्याला ओळखतो, एवढंच." मी निघालो तर परत हाक मारली. चुना पातळ करू नकोस, म्हणाले.

मुलाशेजारीच त्यांना जागा मिळाली, पाय पूर्वेला. तेव्हापासून दर वर्षी दोन कबरी असतात. एका बादलीत भागत नाही.