दिसत नव्हती, पण फिट होती

माझ्या लेकीला जन्मतःच टीजीए होता. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली. ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, सत्तरीपुढे सरकेना, म्हणून सोलापूरहून ॲम्ब्युलन्सने पुण्याला आणलं. पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन करून वाहिन्या जागेवर बसवल्या. हृदय नीट चालू लागलं, सॅच्युरेशन पंचाण्णवच्या वर गेलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरना शंका आली. मध्येच नाडी आणि बीपी दोन्ही एकदम चढत, थोड्या वेळाने आपोआप उतरत. त्या वेळी बाळाचे डोळे एका बाजूला खिळत आणि ओठ चोखल्यासारखे हलत. काचेतून बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, सटवाई हसवतेय तिला." मलाही तसंच वाटलं असतं. फिट म्हणजे हातपाय झडणं, तोंडाला फेस, एवढंच आपण पाहिलेलं असतं.

डॉक्टर मॅडमनी आधी रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासलं. हृदयदोष असलेल्या काही बाळांत कॅल्शियम घसरूनही फिट येते. दोन्ही ठीक निघालं, तेव्हा ईईजी लावला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी तपासणी. एवढ्याशा डोक्यावर पेस्टने चिकटवलेल्या वायरी, वरून गॉजची टोपी. थोड्या वेळाने मॅडमनी मला स्क्रीनजवळ बोलावलं. बारीक रेषा अचानक टोकदार होऊन एका लयीत उसळत होत्या, आणि खाली बाळ अगदी शांत पडलेलं. "ही फिटच आहे," त्या म्हणाल्या. नवजात बाळांच्या कितीतरी फिट बाहेरून दिसतच नाहीत, ईईजीवरच सापडतात, हे मला तिथे कळलं.

फिट थांबवणारं फिनोबार्बिटोन सुरू केलं, वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम. या औषधाने श्वास मंदावू शकतो, पण ती व्हेंटिलेटरवरच होती. नंतरच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटल्याची छोटी जागा दिसली. फिट पुन्हा आली नाही, म्हणून घरी सोडायच्या आधीच मॅडमनी औषध बंद केलं. त्याची मला फार धास्ती वाटली होती. फिटचं कारण तात्पुरतं असेल तर महिनोन्‌महिने औषध द्यावं लागत नाही, हे त्यांनी बसून समजावलं, तेव्हा कुठे धीर आला.

घरी आल्यावर प्रत्येक थरथरीला काळजात धस्स व्हायचं. मॅडमनी सांगितलेली खूण तेव्हा कामी आली: थरथरणारा हात अलगद धरायचा. साधी थरथर धरल्यावर थांबते. फिटचा झटका धरूनही हाताला जाणवत राहतो. शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवायचा.

आता उजव्या हाताची मूठ ती जरा घट्ट धरते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांवर वेळीच उपचार करणाऱ्या केंद्रात, तिची फिजिओथेरपी चालू आहे. तुमच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर नंतर ईईजी करणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.