लाँग मोडमध्ये उडी मारण्याआधी

स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला: क्यूइमू या एम्युलेटरमध्ये झकास चालतंय, मग नागपूरच्या बर्डीवरून आणलेल्या जुन्या नेटबुकवर काहून उठत नाही? पेनड्राइव्ह लावला, ग्रब या बूटलोडरचा मेनू आला, एंटर दाबला की स्क्रीन काळी आणि मशीन पुन्हा सुरू. परत तोच मेनू. हा ट्रिपल फॉल्ट. एक फॉल्ट आला, तो हाताळायला आयडीटी, म्हणजे फॉल्ट आल्यावर कुठे जायचं याचा तक्ता, नाही. म्हणून डबल फॉल्ट, त्यालाही कोणी वाली नाही. मग मशीन थेट रीसेट. नेटबुकात ॲटम एन२७० असेल तर कारण सरळ आहे. २००८ सालच्या त्या चिपला ६४ बिट येतच नाही. लाँग मोड म्हणजे ६४ बिटचा मोड. तो चालू करायला ईएफईआर या नियंत्रण रजिस्टरमध्ये एलएमई बिट लावायला गेलात की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट.

म्हणून प्रोसेसरला आधी विचारायचं, मग उडी मारायची. पण विचारण्याच्या कोडमध्येच खड्डे भरपूर आहेत.

मल्टीबूट या ठरलेल्या पद्धतीने ग्रब तुम्हाला ३२ बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये आणून सोडतो, पेजिंग (पेज टेबलातून पत्ते बदलणं) बंद. ईएएक्स रजिस्टरमध्ये मल्टीबूटची खूण असलेला जादूचा आकडा, ईबीएक्समध्ये बूट माहितीचा पत्ता. स्टॅकचा पत्ता ठेवणाऱ्या ईएसपीबद्दल कसलीही हमी नाही. तेव्हा पहिली ओळ स्वतःच्या स्टॅकची, कारण पुढची तपासणी पुश आणि पॉपवरच चालते. दुसरी ओळ ईबीएक्स ईडीआयमध्ये हलवण्याची. प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणारी सीपीयूआयडी ही सूचना ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स चारही रजिस्टर पुसते. ईबीएक्स वाचवलं नाही तर तपासणी पास होते, कर्नल उठतं आणि बऱ्याच वेळाने मेमरी मॅप वाचताना कोसळतं. मग लोक मेमरीच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आता सीपीयूआयडी ही सूचना तरी आहे का? १९९३ च्या पेंटियमपासून ती आहे, काही उशिराच्या ४८६ मध्येही. तपासायची रीत अशी: ईफ्लॅग्ज हे फ्लॅग्जचं रजिस्टर स्टॅकवर ढकला, ईएएक्समध्ये काढा, ईसीएक्समध्ये प्रत ठेवा, २१ वा बिट (मोजणी शून्यापासून) उलटा करून परत फ्लॅग्जमध्ये भरा आणि पुन्हा वाचा. बिट उलटलेला दिसला तर सूचना आहे. जसाच्या तसा राहिला तर नाही. शेवटी मूळ फ्लॅग्ज ईसीएक्समधून परत ठेवायला विसरू नका.

त्यानंतर ईएएक्समध्ये हेक्स ८००००००० भरून सीपीयूआयडी. उत्तरात सर्वांत मोठ्या विस्तारित पानाचा (पान म्हणजे माहितीचा एक गट) क्रमांक येतो. तो ८००००००१ पेक्षा लहान असेल तर थांबा. इथली तुलना बिनचिन्हाची हवी: जेबी (बिनचिन्हाची जंप), जेएल (चिन्हासकटची) नव्हे. ८००००००१ हा आकडा चिन्हासकट वाचला तर ऋण होतो. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरला त्याच्याकडे नसलेलं पान मागितलं तर तो शून्य देत नाही, सर्वांत मोठ्या मूलभूत पानाची माहिती देतो. म्हणजे बहुधा लहानसा धन आकडा. जेएलच्या मते धन आकडा ऋणापेक्षा मोठाच, त्यामुळे तपासणी पास! पुढे २९ व्या बिटाच्या जागी भलतंच काहीतरी वाचलं जातं. नव्या मशीनवर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कोडमध्ये राहते.

मग ८००००००१ चं पान, ईडीएक्समधला २९ वा बिट: लाँग मोड. त्याच रजिस्टरमध्ये २० वा बिट एनएक्सचा (पेजमधून कोड चालू न देण्याची सोय) आणि २६ वा १ जीबीच्या पेजचा. सिस्कॉल या सूचनेचा ११ वा बिट मात्र इथे विचारू नका. इंटेलवर तो ६४ बिट मोडमध्ये असतानाच १ दिसतो. ३२ बिटमधून वाचलात तर चांगल्या मशीनलाही नापास कराल.

एनएक्सचं वेगळं सांगायला हवं. पेज टेबलच्या नोंदीत ६३ वा बिट लावला, पण ईएफईआरचा ११ वा बिट लावला नाही, तर प्रोसेसर ६३ वा बिट राखीव समजतो आणि त्या पेजला हात लावताच पेज फॉल्ट देतो. एरर कोडमध्ये ३ क्रमांकाचा बिट दिसला की हेच समजा. काही इंटेल मशीनवर बायोसमधून एनएक्स बंद केलेलं असतं आणि बिटही शून्य दिसतो. लिनक्सचं सुरुवातीचं कोड अशा वेळी हेक्स १ए० या एमएसआरमधला (मॉडेलनुसार असणाऱ्या खास रजिस्टरमधला) ३४ वा बिट पुसून ते परत चालू करतं. म्हणजे बिट शून्य दिसला तरी चिपमध्ये ती गोष्ट नाहीच, असं नेहमी नसतं.

एसएसई (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच) ६४ बिट प्रोसेसरमध्ये असतंच, पण चालू तुम्हीच करायचं: सीआर०मध्ये ईएम पुसा, एमपी लावा, सीआर४मध्ये ९ आणि १० हे बिट लावा. नाहीतर कंपायलरने एका साध्या स्ट्रक्चरच्या कॉपीसाठी एसएसईचं एक्सएमएम रजिस्टर वापरलं की अवैध सूचनेचा फॉल्ट. कर्नलसाठी कंपायलरलाच एसएसई बंद करायला सांगणं जास्त शहाणपणाचं.

सीपीयूआयडीचं पान ७ वाचताना ईसीएक्स शून्य करा. तिथे उपपानाचा क्रमांक असतो आणि आधीचा कचरा राहिला तर उत्तर भलत्याच उपपानाचं येतं. त्याआधी पान ० मधून कमाल क्रमांकही पाहा, कारण काही बायोस तो मुद्दाम ३ वर अडवतात.

नापास झाल्यावर काय? गप्प बसू नका. बायोसने उठलेल्या मशीनवर टेक्स्ट स्क्रीनच्या मेमरीत, हेक्स बी८००० या पत्त्यावर एकेक अक्षर लिहा: अक्षराला एक बाइट, रंगाला एक, ४एफ म्हणजे लाल पट्टीवर पांढरं. सीपीयूआयडी नसेल तर १, विस्तारित पान नसेल तर २, लाँग मोड नसेल तर ३, एवढं पुरे. यूईएफआयने उठलेल्या मशीनवर ती टेक्स्ट स्क्रीन नसते, तिथे ३एफ८ या सिरियल पोर्टवर लिहा. मग सीएलआय (इंटरप्ट बंद), एचएलटी (प्रोसेसर थांबवा) आणि परत एचएलटीवर जंप. नुसता एकच एचएलटी ठेवलात तर एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट) आल्यावर प्रोसेसर जागा होऊन पुढचे बाइट सूचना समजून चालवतो.

हे सगळं बर्डीला चक्कर न मारता तपासता येतं. क्यूइमूच्या सीपीयू पर्यायात क्यूइमू३२ दिलं की ३ दिसायला हवा, पेंटियम दिलं की २. पेंटियमवर २ ऐवजी ३ आला किंवा मशीन पुढेच गेलं, तर जेएलची ओळ शोधा. पहिली पायरी नापास करून पाहायची असेल तर तिथली जंप तात्पुरती उलटी करा आणि १ येतो का पाहा. सोबत नो-रीबूट द्या, म्हणजे ट्रिपल फॉल्ट झाला तर मशीन फिरत न राहता थांबेल.

दुसरे कोअर उठवताना सीआर४ आणि ईएफईआर प्रत्येकावर वेगळे लावावे लागतात. पहिल्या कोअरचं एनएक्स दुसऱ्याला मिळत नाही.